बुधवारचा गूळ

हिरामणने न विचारताच गूळ तोलायला घेतला. मी फक्त चहापत्ती आणि काड्यापेटी मागितली होती. त्याने ढेपेवर बत्ता मारून एक खडा फोडला, पारड्यात टाकला, वर थोडा चुरा टाकून काटा सरळ केला आणि पुडी बांधून माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "हे माझं नाही." "आजींचं आहे ना ताई," तो म्हणाला, "आज बुधवार. आजी दर बुधवारी न्यायच्या. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, गावाला गेल्या का?" हा हिरामण सगळा पावसाळा खानदेशात आपल्या घरी जाऊन बसला होता, दुकान मेव्हण्याच्या ताब्यात. त्याला कुणी सांगितलं नसणार. मी सरळ सांगायला हवं होतं की बाबा रे, आई गेली, पावसाच्या तोंडाशीच गेली, जलदान विधीला अख्खी बिल्डिंग आली होती. पण मी म्हटलं, "हो, गावाला. मंडणगडला." तो म्हणाला, "मग तुम्ही खा." मी पुडी पिशवीत टाकली आणि दुकानाच्या पायरीवरून उतरले. मग मला आठवलं की चहापत्ती तिथेच राहिली.

परत गेले नाही. आमच्या घरात गूळ नव्हता, साखर नव्हती, आईला मधुमेह निघाला तेव्हापासून नव्हती. मी स्वतः कोरा अगोड चहा पिते तो तिच्यासाठीच सुरू केला आणि पुढे जिभेला तोच बरा वाटायला लागला. दिवाळीला शेजारून आलेलं ताट मी दारातूनच खालच्या गिरजाबाईंच्या नातवंडांकडे पाठवायचे. म्हणजे गूळ कुणासाठी? वाशीच्या त्या आखीव रस्त्यावरून चालताना मी एकेक कारण शोधत होते. देवाला म्हणावं तर आमच्याकडे नैवेद्याचा प्रश्नच नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे मेणबत्ती, गुळाचं तिथे काय काम. गिरजाबाईंना उसना दिला असेल. पण दर बुधवारी कोण गूळ उसना मागतं? झाडूवाल्या बाईला चहासोबत देत असेल. आईचा स्वभाव तसाच होता, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याच्या हातावर ठेवायची. हे कारण मला पटलं आणि मी ते अगदी घट्ट धरून ठेवलं, कारण मागून दुसरं काहीतरी वर येत होतं आणि ते मला ओळखायचं नव्हतं. बुधवार. बुधवारनंतर गुरुवार येतो. गुरुवारी आई माझ्या प्रयोगशाळेत यायची.

साखर मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रबाळ्याला कारखान्यांच्या गर्दीत एका खासगी कंपनीची लहानशी प्रयोगशाळा आहे, मागे रसायनांचा वास, पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ, दुपारी हटकून वीज जाणार. तिथे मी गेली काही वर्षं एक गोष्ट करू पाहते आहे. प्लॅटिनमच्या तारेचं बारीक टोक, त्यावर ताणून बसवलेला पातळ पडदा आणि पडद्यात अडकवून ठेवलेलं एक एन्झाइम. पिवळसर भुकटी असते ती, बर्फात जपावी लागते. रक्ताचा थेंब पडला की हे एन्झाइम त्यातली साखर तेवढी ओळखतं, बाकी कशाकडे ढुंकून पाहत नाही. साखर जितकी जास्त तितका तारेतून जाणारा वीजप्रवाह जास्त, आणि तितकं शेजारच्या यंत्रावरचं पेन सरकत्या कागदावर वर चढणार. हे जमलं की माणसाला इस्पितळात दंडातून नळीभर रक्त काढून दुपारपर्यंत ताटकळत बसायला नको. बोटाला टोचा, थेंब टाका, पेन बघा. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजे ती निळी बाटली जाल काय गो?" निळी बाटली म्हणजे घरी लघवी तपासायचं औषध. नळीत घालून स्टोव्हवर उकळायचं, निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर जपा, आणि विटकरी झालं तर डॉक्टरकडे पळा. आई अंगठाबहाद्दर, पण हे रंग तिला माझ्याहून लवकर कळायचे.

माझं घोडं अडलं होतं ते वरच्या टोकाला. साखरेच्या पाण्यावर यंत्र शहाण्यासारखं वागायचं. रक्तावर आणलं की खालच्या आकड्यांना ठीक, पण साखर फार चढली की रेघ वाकायची, पेन दमल्यासारखं मध्येच थांबायचं. मी वरून दुसरा पडदा चढवला. आता रेघ सरळ जाईल असं वाटत होतं, पण ते दाखवायचं कशाच्या जोरावर? प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी बोटं पुढे केली, आमच्या श्यामसुंदर सरांपासून वॉचमनपर्यंत. सगळे निरोगी. सगळ्यांचे ठिपके आलेखाच्या तळाशी गर्दी करून बसले. वरचा कागद कोराच. निरोग्याच्या रक्तात वरून साखर मिसळून मी काही ठिपके काढले, तर ज्या समितीच्या हातात आमच्या कामाचं भवितव्य होतं तिने ते सरळ बाजूला सारले. खरा रुग्ण, खरं रक्त, खरी साखर हवी. एका इस्पितळाने नमुने पाठवायचं कबूल केलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. सर म्हणाले, "सरोजिनी, वरचा भाग भरला नाही तर ते दुकान गुंडाळायला लावतील." तेव्हा मला आई आठवली. तिची साखर काही फार नव्हती, गोळीवर मधल्यामध्ये असायची, पण निदान तळाच्या गर्दीतून एक ठिपका वर तरी सरकला असता.

ती पहिल्यांदा आली तेव्हा जपून ठेवलेली पांढरी साडी नेसून आली, धम्माच्या कार्यक्रमाला नेसायची ती. बसमधून उतरली आणि फाटकाशी वॉचमनला म्हणाली, "माजी पोर हिकडं सायंटिस हाय." तो बिचारा उठून उभा राहिला. आत आल्यावर तिने प्रत्येक वस्तूकडे हात पाठीमागे बांधून पाहिलं. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासण्यात आयुष्य गेलेल्या बाईची ती सवय होती, काचेच्या वस्तूंच्या घरात हात मागे ठेवायचे. स्टुलावर बसली, बोट पुढे केलं. पेन मध्यापर्यंतही गेलं नाही. मी काही वाईट तोंड केलं नसावं. केलंच असेल. तिने विचारलं, "बरा नाय आला?" मी हसत म्हटलं, "अगं, तुझ्या तब्येतीला हे झकास आहे. माझ्या कामाला तेवढं नाही. मला इथं, ह्या वरच्या भागात ठिपके हवेत. ते मिळेपर्यंत माझी रेघ पुरी होत नाही." बोटाने कागदाचा कोरा भाग दाखवला. ती त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. मला आठवतं, कारण तिला एवढं एकटक काहीही बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मी येन दर गुरवारी."

मी शाळेत असताना ती रॉकेलच्या दिव्याशी माझ्यासमोर बसून राहायची. वाचता येत नव्हतं, पण मी वाचत असताना आडवी होणं तिला पाप वाटायचं. बाकीच्या मुलींच्या आया पाढे घ्यायच्या, वह्या बघायच्या. माझी आई दिव्याची वात वर करायची. कॉलेजात माझा विषय काय हे ती शेजाऱ्यांना कधी सांगू शकली नाही, "लय मोटं हाय कायतरी" म्हणायची. "तुज्या अभ्यासात मला कदी हात लावता आला नाय बग," हे वाक्य ती माझ्या डोक्याला तेल घालताना म्हणायची, आणि मी चेष्टेने म्हणायचे, "आई, डोक्याला लावतेस तेवढा पुरे." आम्ही दोघी हसायचो. आता या वाक्यावर मला हसता येणार नाही, हे त्या रस्त्यावर सोसायटीच्या फाटकाशी उभी असतानाच मला कळून चुकलं.

दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी पेन मध्यावरून पुढे गेलं. मग आणखी वर. एका गुरुवारी ते कागदाच्या वरच्या कडेशी जाऊन थांबलं आणि वाकलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, स्टुलाभोवती एक गिरकीसुद्धा घेतली, आणि म्हटलं, "आई, कमाल केलीस!" ती लाजली. मिश्रीने काळे पडलेले दात दाखवून हसली. ती पेनाकडे कधीच बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघायची. टोचल्यापासून शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे. मला वाटायचं तिला पेनातलं कळत नाही म्हणून. मी तिच्या डॉक्टरांकडेही गेले, नाही असं नाही. काळजी वाटत होती. म्हटलं, साखर चढतेच आहे. ते म्हणाले, वय झालं, गोळी लागू पडत नाही, आणि त्यांनी गोळी वाढवून दिली. घरी निळ्या बाटलीतल्या औषधाचा रंग सकाळी निळाच राहायचा, आई नळी उजेडाला धरून मला दाखवायची. मी विज्ञान शिकलेली बाई, मनाशी म्हणाले, लघवीची तपासणी ढोबळच असते, माझं यंत्र खरं. यंत्र खरं होतंच. एका शब्दाने खोटं बोललं नाही ते. मग उन्हाळ्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. एवढीशी जखम. ती काळी पडली, वर चढली, इस्पितळात त्यांनी आधी अंगठा काढला, मग पाऊल, आणि मग काढायलाही काही उरलं नाही. खाटेवर ताप चढलेला असताना ती मला विचारत होती, "रेघ पुरी झाली काय गो?" मी म्हटलं, झाली. तिने डोळे मिटले. मी तेव्हा रडले ते ती शुद्धीत नसतानाही माझं काम विचारते म्हणून. ती पूर्ण शुद्धीत होती.

गिरजाबाई तळमजल्यावर राहतात, आमच्याच मंडणगडकडच्या, आईच्या एकुलत्या एक मैत्रीण. दार उघडंच होतं, त्या खाली बसून वाल सोलत होत्या. मी पिशवीतून पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. सोडलीसुद्धा नाही. त्यांनी पुडीकडे बघितलं आणि हातातला वाल ताटात टाकला. "कुनी दिला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हिरामणने. गिरजामावशी, हा गूळ आई कुणाला द्यायची?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "मावशी, झाडूवालीला द्यायची ना?"

"बस आदी," त्या म्हणाल्या.

"नाही बसत. सांगा."

"तिनं मला शपत घातलेली. माज्या नातवाची." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माज्या हितंच खायाची गो. बुदवारी सांजच्याला अर्धा, गुरवारी सकाळी जाताना अर्धा. वरनं पानी. घशाखाली उतरत नसायचा, उमासं यायचं तिला. गोळीबी घ्यायची नाय ते दोन दिस. मी भांडले. मी म्हनले, बायजे, मरशील. तर म्हनाली, गिरजे, पोरीच्या मशिनीला मोटा आकडा लागतो. तिची रेघ आडलीय. माज्यापाशी दुसरं काय हाय तिला द्यायाला?"

"आणि सकाळची ती नळीतली लघवी? निळीच राहायची ती?"

"ती माज्या सुनंची," गिरजाबाई म्हणाल्या. "भांड्यात घेऊन जायाची वर. तू उटायच्या आदी."

मी तिथे उभी होते आणि मला पहिल्यांदा राग आला. दुःख नंतर. राग असा की ती समोर असती तर मी तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं असतं. अगं बये, मला विचारायचंस. मला रुग्ण मिळाले असते, नसते मिळाले तर नसते मिळाले, दुकान गुंडाळलं असतं, मी कुठेतरी कॉलेजात शिकवलं असतं. तुला कुणी सांगितलं होतं? आणि मग रागाचा रस्ताच बंद झाला, कारण कुणी सांगितलं होतं ते मला माहीत होतं. कागदाच्या कोऱ्या भागावर माझंच बोट होतं. गिरजाबाईंनी मला धरून खाली बसवलं. त्या रडत होत्या आणि "मला माफ कर गो" म्हणत होत्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू माणूस त्यांचंच गेलं होतं. वर येऊन मी स्वयंपाकघरात निळी बाटली बघितली. आई गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. तळाशी थोडं औषध होतं, स्वच्छ निळं. मी ती पुन्हा फळीवर ठेवली आणि दिवा न लावता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता आणि नेमकी समिती यायची होती. रजा टाकावी असं मनात आलं. पहाटेपासून मी एकाच गोष्टीवर घुटमळत होते, ते वरचे ठिपके दाखवायचे की खोडायचे. खोडले तर काम बुडालं, बुडू दे. पण खोडायचे म्हणजे ती जे कोंबून कोंबून घशाखाली उतरवत होती ते मी पुसायचं. दाखवायचे तर तिच्या सडलेल्या पायावर उभं राहून शाबासकी घ्यायची. दोन्ही माझ्याच्याने होणार नव्हतं आणि एक करावंच लागणार होतं. मी तोंड धुतलं, साडी नेसले, पर्समध्ये डबा ठेवताना गुळाची पुडीही ठेवली आणि बस पकडली. बसमध्ये एका बाईने विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे."

समितीत तिघे होते. श्यामसुंदर सर त्यांच्यापुढे वाकून वाकून बोलत होते. आलेख भिंतीवर लावला होता. मी खोडलं नव्हतं. मी त्यांना पडदा, एन्झाइम, वीजप्रवाह, सगळं सांगितलं. आवाज माझाच होता, पण तो शेजारच्या खोलीतून येतो आहे असं वाटत होतं. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून आलेखाजवळ तोंड नेलं आणि तळाच्या गर्दीपासून बोट सरकवत वर, कडेपर्यंत नेलं. "सुंदर," ते म्हणाले. "अगदी सरळ. हे वरचे सगळे एकाच पेशंटचे दिसतात?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "इतके नियमित नमुने मिळणं कठीण असतं. पेशंट फारच को-ऑपरेटिव्ह दिसतो." सर हसले. सगळे हसले. मी म्हटलं, "हो. फार." आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, माझी आई एवढे दोन शब्द जिभेवर होते, पण ते शब्द तिथे, त्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये ठेवायला मला जागा दिसली नाही. त्यांनी कागदावर सह्या केल्या. सर जाताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "जिंकलीस पोरी."

सगळे जेवायला गेले. मी दार लोटून घेतलं. नवा पडदा बसवला, यंत्र सुरू केलं, पेन तळाशी स्थिर होईपर्यंत थांबले. मग पर्समधून पुडी काढली. गूळ कागदाला चिकटला होता. मी तो दाताने तोडला आणि खाल्ला, पाणी प्यायले, पुन्हा खाल्ला. इतक्या वर्षांनी तोंडात गोड गेलं तर ते अंगावर आलं, मी तोंडावर हात दाबून ते गिळलं. तिला उमासे यायचे ते हे. सगळा संपवला. रक्तात चढायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी तिच्या स्टुलावर बसले, हात पाठीमागे बांधून. वीज त्या दिवशी गेली नाही. मग मी बोटाला टोचलं, थेंब घेतला आणि टाकला.

पेन हललं. कागद सरकत होता आणि पेन वर चढत होतं, आणि मी त्याला म्हणत होते, चढ, चढ रे. तळाच्या गर्दीतून ते थोडं बाहेर निघालं, आणखी किंचित वर सरकलं आणि थांबलं. माझं शरीर धडधाकट, त्याने ती साखर निमूटपणे जिरवून टाकली. समोर भिंतीवर तिचे ठिपके होते, माझ्या पेनापासून कितीतरी वर, तिथे मला हात पोचवायचा तरी स्टुलावर चढावं लागलं असतं. मी पेनाकडे बघणं सोडलं आणि माझ्या तोंडाकडे बघणारं कुणी आहे का म्हणून दाराकडे पाहिलं. दार लोटलेलंच होतं. पेन तिथल्या तिथे एक आडवी रेघ ओढत राहिलं.

"आई," मी म्हटलं, "माझं एवढंच आलं गो."

मग जिन्यात पावलं वाजली, तेव्हा मी तोंड पुसलं आणि यंत्र बंद केलं.